पिकअपचा पुढचा भाग ढिला होतो तेव्हा

१. टायरॉड नवे टाकले, तरी गाडी टायर का खाते?

पिकअप चालवणाऱ्या माणसाचा एक प्रश्न ठरलेला असतो. "टायरॉड एंड नवे टाकले, अलाइनमेंट केली, पैसे गेले. तरी गाडी डावीकडे ओढते आणि पुढचं टायर आतून खाते. आता बिघडलंय तरी काय?"

उत्तर बहुतेक वेळा असं निघतं : आवाज ज्या भागाचा वाटला तो बदलला गेला आणि खरा ढिला झालेला भाग जागेवरच राहिला. गाडीची चेसीस पोलादाची असते. एका टोकाला बसलेला ठोका दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. केबिनमध्ये बसून वाटतं की खडखड डाव्या चाकातून येतेय, आणि निघते ती उजव्या शॉकअपच्या वरच्या बुशातून. म्हणून या प्रकरणाचं सांगणं एवढंच आहे : कानाने ऐकलेल्या आवाजावर पार्ट बदलू नका. हाताने आणि डोळ्याने ढिलाई शोधा, ठरावीक क्रमाने शोधा, आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी करा.

जालना जिल्ह्यातल्या गाड्यांना या गोष्टीची गरज जरा जास्तच आहे. इथली पिकअप एका प्रकारच्या कामाला बांधलेली नसते. अंबड, घनसावंगीकडच्या बागांमधून ती मोसंबी आणते. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एमआयडीसीतल्या कारखान्यांतून ती सळई उचलते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिकोची स्थापना केल्यापासून जालना बियाण्यांचं गाव झालं, त्या बियाण्यांची पोतीही तीच वाहते. आणि हे सगळं ती ज्या रस्त्यांवर करते ते रस्ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

सकाळी गाडी काळ्या मातीच्या गाडीवाटेने शेतात जाते. पावसाळ्यात या मातीत खोल चाकोऱ्या पडतात आणि ऊन लागलं की त्या दगडासारख्या कडक होतात. चाकोरीतून बाहेर पडताना चाकाला आडवा धक्का बसतो, आणि आडवा धक्का थेट स्टेअरिंगच्या सांध्यांवर येतो. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. तिच्यावर बांधलेले डांबरी रस्तेही त्यामुळे लाटा आल्यासारखे वरखाली होतात. संध्याकाळी तीच गाडी समृद्धी महामार्गावर चढते. या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. शेतरस्त्यावर वीसच्या वेगाने जाताना जी ढिलाई जाणवतही नाही, ती मोकळ्या रस्त्यावर वेग वाढला की स्टेअरिंगच्या थरथरीतून बाहेर येते. थोडक्यात, गाडी ढिली होते गाडीवाटेवर आणि ते कळतं महामार्गावर.

२. हातापासून चाकापर्यंत

स्टेअरिंग फिरवल्यावर चाक वळतं, पण या दोघांच्या मध्ये बरीच मंडळी असतात. स्टेअरिंगच्या दांड्याला एक-दोन ठिकाणी वाकण्यासाठी क्रॉस जॉइंट असतो. तो दांडा स्टेअरिंग बॉक्समध्ये जातो. बॉक्सचं काम म्हणजे हाताची मोठी फिरकी लहान पण जोरदार हालचालीत बदलणं. बॉक्समधून बाहेर आलेल्या आखूड हाताला पिटमन आर्म म्हणतात. त्यापुढे ड्रॅग लिंक नावाचा दांडा, मग दोन्ही चाकांना एकत्र बांधणारा टायरॉड, आणि शेवटी चाकाच्या नकलवर बसलेला स्टेअरिंग आर्म. नकल म्हणजे ज्या जड ओतीव भागावर हब आणि चाक बसतं तो भाग. काही गाड्यांत बॉक्सऐवजी रॅक असतो. तिथे दात्यांची एक पट्टी डावी-उजवी सरकते आणि तिच्या दोन्ही टोकांना टायरॉड जोडलेले असतात.

या साखळीत दांडे सहसा झिजत नाहीत. झिजतात ते दांड्यांच्या टोकांचे सांधे. टायरॉड एंड हा असाच एक सांधा. आत गोळी, गोळीभोवती वाटी, वाटीत ग्रीस आणि वरून रबरी टोपी. गोळी वाटीत घट्ट बसलेली असते, तरी चहूबाजूंनी फिरू शकते. चाक खड्ड्यात वरखाली होत असतानाही वळू शकतं ते या सांध्यामुळे.

ढिलाईने काय होतं हे पेरणीच्या वेळी तिफण धरलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. रुमणं खाचेत ढिलं झालं की हात हलतो पण तिफण जागेवर राहते. आणि मग हलते तेव्हा हवं त्यापेक्षा जास्त सरकते. तास वाकडं जातं. पिकअपच्या स्टेअरिंगमधला प्ले म्हणजे नेमकं हेच : हाताने दिलेला हुकूम चाकापर्यंत उशिरा आणि अर्धवट पोहोचणं.

३. पुढचं चाक कशावर उभं असतं?

स्टेअरिंगच्या सांध्यांचं काम चाक वळवणं. सस्पेन्शनच्या सांध्यांचं काम गाडीचं वजन पेलून चाकाला वरखाली होऊ देणं. पिकअपमध्ये पुढे दोनपैकी एक रचना असते. आपल्या गाडीत कोणती आहे हे खाली वाकून एकदा बघून ठेवावं, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर ठरते.

पहिली रचना अखंड अॅक्सलची. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत लोखंडी तुळई जाते आणि ती पाट्यांवर टेकलेली असते. २००५ मध्ये आलेली टाटा एस, म्हणजे सगळ्यांचा छोटा हत्ती, या घडणीची आहे. इथे चाक किंगपिनवर वळतं. किंगपिन म्हणजे अॅक्सलच्या टोकात उभा बसवलेला जाड पोलादी दांडा. त्याच्या वर आणि खाली एकेक बुश असतो आणि मध्ये वजन पेलणारं बेअरिंग. पाट्यांच्या टोकांना पिना, बुश आणि शॅकल असतात.

दुसरी रचना स्वतंत्र सस्पेन्शनची. प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असतात, आणि सोबत कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार. आर्मच्या चेसीसकडच्या टोकाला रबरी बुश आणि चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट. हा बॉल जॉइंट दिसायला टायरॉड एंडसारखाच, पण त्याची जबाबदारी फार मोठी आहे. स्प्रिंग ज्या आर्मवर टेकते त्या आर्मचा बॉल जॉइंट गाडीच्या त्या कोपऱ्याचं वजन वाहतो. तो निसटला तर चाक आडवं पडतं आणि गाडी रस्त्यावर बसते.

४. सांधा झिजतो कसा, आणि ढिलाई मोठी कशी होते?

चांगल्या सांध्याचं मरण रबरी टोपीपासून सुरू होतं. टोपीला चीर पडली की चिखल आत जातो. चिखलातले बारीक कण ग्रीसमध्ये मिसळतात आणि गोळी-वाटी घासत राहतात. पाणी आत साचलं की गंज धरतो, आणि गंजलेली गोळी वाटीला आणखी लवकर खाते. म्हणून टोपी फाटलेली दिसली, पण सांधा अजून घट्ट आहे, तर समाधान मानू नये. त्या सांध्याचे दिवस मोजलेले असतात.

रबरी बुशाची गोष्ट वेगळी. तो घासून झिजत नाही, तर उष्णतेने आणि वयाने कडक होतो, चिरतो, आतल्या नळीपासून सुटतो. सांडलेलं डिझेल आणि ऑइल हे त्याचे शत्रू. बुशाला ग्रीस लावून आवाज बंद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं : साध्या रबराला पेट्रोलियमचं ग्रीस मानवत नाही. आवाज दोन दिवस थांबतो, रबर मात्र फुगून लवकर जातं.

आता एक छोटा हिशोब करू. समजा हातापासून चाकापर्यंत चार सांधे आहेत आणि प्रत्येकात फक्त अर्धा मिलिमीटर ढिलाई आली आहे. एकेकटा सांधा हलवून पाहिला तर कोणीही म्हणेल, "चालतंय की!" पण चौघांची मिळून ढिलाई झाली २ मिलिमीटर. चाकाजवळचा स्टेअरिंग आर्म १५० मिलिमीटर लांब आहे, स्टेअरिंग चक्राची त्रिज्या २०० मिलिमीटर आहे आणि बॉक्सचं प्रमाण १८ ला १ आहे असं धरा, म्हणजे हात १८ अंश फिरतो तेव्हा चाक १ अंश वळतं. मग स्टेअरिंगच्या कडेवर जाणवणारा प्ले होतो :

२ × (२०० ÷ १५०) × १८ = ४८ मिलिमीटर.

जवळजवळ पाच सेंटिमीटर. चार "चालतंय की" मिळून हात पाच सेंटिमीटर रिकामा फिरतो. हेच कारण आहे की एकच टायरॉड एंड बदलून स्टेअरिंग घट्ट होत नाही. ढिलाईची बेरीज झालेली असते आणि आपण तिच्यातला एकच आकडा खोडतो.

कायदा याबद्दल काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ सांगतो की स्टेअरिंग चक्रावरचा रिकामा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, स्टेअरिंगच्या साखळीतल्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात, आणि बोल्ट किंवा पिनांनी जोडलेल्या जागा सुटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या असाव्यात. वरच्या उदाहरणातले ४८ मिलिमीटर म्हणजे सुमारे १४ अंश. गाडी नियमात बसते, पण टायर खाणं तोवर सुरू झालेलं असतं. नियमाची मर्यादा ही शेवटची सीमा आहे. काळजी तिच्या बरीच आधी घ्यावी लागते.

५. दहा मिनिटांची तपासणी

ही तपासणी दोन माणसांनी करायची. गाडी सपाट, कडक जागेवर उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर असू द्या, मागच्या चाकांना दगडाऐवजी लाकडी ठोकळ्यांची ओट लावा.

पहिली पायरी, गाडी चाकांवर असतानाच. एकजण स्टेअरिंगवर बसेल. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला. त्याने स्टेअरिंग चक्र थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं झटक्याने हलवत राहायचं. दुसऱ्याने बाजूला बसून बॅटरीच्या उजेडात एकेक सांधा पाहायचा, प्रत्येकावर बोटं ठेवायची. दांडा हलतोय पण त्याला जोडलेला भाग क्षणभर थांबून मग हलतोय, असं जिथे दिसेल तो सांधा गेला. क्रॉस जॉइंटपासून सुरुवात करून चाकापर्यंत क्रमाने यायचं. स्टेअरिंग बॉक्स चेसीसवर हलतोय का तेही इथेच दिसतं. बरेचदा बॉक्सचे बोल्ट सैल असतात आणि दोष टायरॉडला दिला जातो.

दुसरी पायरी, चाक उचलून. इंजिन बंद करा. अखंड अॅक्सल असेल तर जॅक अॅक्सलखाली. स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर स्प्रिंग ज्या आर्मवर टेकते त्या आर्मखाली, चाकाच्या शक्य तितकं जवळ. जॅक चेसीसखाली लावला तर स्प्रिंग आर्मला खाली दाबून ठेवते, त्यामुळे सांधा ताणलेला राहतो आणि त्याची ढिलाई लपते. चाक उचलल्यावर घोडी लावा. नुसत्या जॅकवर टांगलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

आता एक हात टायरच्या माथ्यावर, दुसरा तळाशी. आळीपाळीने आत-बाहेर ढकला. खटखट जाणवली तर दोन संशयित : हबचं बेअरिंग, किंवा बॉल जॉइंट-किंगपिन. निकाल लावायची युक्ती सोपी आहे. सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हब आणि नकल एकजीव होतात. ढिलाई गेली तर दोष बेअरिंगचा. ढिलाई राहिली तर दोष बॉल जॉइंटचा किंवा किंगपिनचा. या एका चाचणीने फुकट बदलले जाणारे कितीतरी पार्ट वाचतात.

मग दोन्ही हात टायरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला, मध्यावर. डावं-उजवं हलवा. इथली ढिलाई बहुधा टायरॉड एंडची असते.

तिसरी पायरी, पहारीची. आर्म आणि चेसीसच्या मध्ये लहान पहार घालून हलकेच तिरकी करा. रबरी बुश जरासा दबेल, ते ठीक. पण आर्म सरळ सरकला किंवा रबर नळीपासून सुटलेलं दिसलं तर बुश गेला. पाट्यांच्या गाडीत शॅकलच्या पिना, यू बोल्ट आणि मधला सेंटर बोल्ट पाहा. सेंटर बोल्ट तुटला की अॅक्सल पाट्यावर मागेपुढे सरकतो, गाडी एका बाजूला ओढते, आणि कितीही अलाइनमेंट केली तरी ती टिकत नाही.

शेवटी टायरवर तळहात फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे दोन्ही चाकं पुढे किती जवळ किंवा लांब आहेत ते माप, बिघडला आहे. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजली असेल तर चाक वर-खाली सरळ उभं नाही. बॉल जॉइंट, किंगपिन किंवा आर्मचे बुश पाहा. टायरवर ठिकठिकाणी खोलगट चट्टे असतील तर शॉकअप चाकाला रस्त्यावर धरून ठेवत नाहीये. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. टायर ही गाडीने स्वतःच लिहून ठेवलेली नोंद आहे. ती न वाचता टायर अदलाबदल केलं तर पुरावाच नाहीसा होतो.

६. काय बदलायचं, कोणत्या क्रमाने?

क्रमाचं तत्त्व साधं आहे : चाकाच्या जवळचा आणि वजन पेलणारा भाग आधी, दिशा ठरवणारा भाग नंतर, मोजमाप शेवटी. म्हणून हबचं बेअरिंग आणि बॉल जॉइंट किंवा किंगपिन पहिल्यांदा. मग आर्मचे आणि पाट्यांचे बुश. मग टायरॉड एंड आणि ड्रॅग लिंक. सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. उलट केलं, म्हणजे आधी अलाइनमेंट आणि मग बुश, तर बुश बदलताना आर्मची जागा सरकते आणि आधीचे पैसे वाया जातात.

बुश आणि शॉकअप नेहमी दोन्ही बाजूंचे मिळून बदलावेत. एक बाजू ताठ आणि एक मऊ राहिली की ब्रेक मारताना गाडी ओढते. टायरॉड एंड एकाच बाजूचा गेला असेल तर फक्त तोच बदलणं चुकीचं नाही. पण दोघांनी सारखाच चिखल खाल्लेला असतो, तेव्हा दुसऱ्याची टोपी फाटली असेल तर त्यालाही सोबतच निरोप द्यावा. टायरॉड एंडची जोडी एका नव्या टायरपेक्षा स्वस्त पडते.

पार्ट घेताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही. एकाच नावाच्या पिकअपमध्ये भार क्षमतेनुसार आणि वर्षानुसार पुढचा भाग वेगळा असू शकतो. चेसीस नंबर सांगा, जुना पार्ट सोबत न्या, आणि काउंटरवरच दोन्ही शेजारी ठेवून लांबी, आटे आणि निमुळत्या दांड्याची जाडी जुळवा.

आणि एक गोष्ट अजिबात होऊ देऊ नका. ढिल्या बॉल जॉइंटच्या झाकणावर वेल्डिंगचा टाका मारून किंवा ते ठोकून तो "घट्ट" करून देणारे आहेत. वेल्डिंगच्या उष्णतेने गोळीचा कडकपणा उतरतो, आतली प्लास्टिकची वाटी वितळते, ग्रीस जळतं. सांधा त्या दिवशी घट्ट लागतो, आणि पुढे कधी निसटेल याची सूचनाही देत नाही. स्टेअरिंगच्या भागांना वेल्डिंग नाही, हा नियम पाळावाच.

७. टायरॉड एंड बदलताना

हे काम जवळून पाहू, कारण घरच्या घरी करता येण्याजोगं हे एवढंच आहे आणि यातली प्रत्येक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे.

आदल्या रात्री आट्यांवर तारेचा ब्रश मारून गंज सोडवणारं ऑइल टाकून ठेवा. सकाळी गाडी उचला, घोडी लावा, चाक काढा. आता पाहा : टायरॉडवर एंड आट्यांनी बसलेला आहे आणि त्याच्या मागे चेकनट आहे, किंवा कडं आवळणारा बोल्ट आहे. एंड किती आत बसला आहे याची खूण पांढऱ्या रंगाने करा आणि बाहेर दिसणारे आटे मोजून लिहून ठेवा. चेकनट थोडाच सैल करा.

एंडचा निमुळता दांडा स्टेअरिंग आर्मच्या भोकात बसलेला असतो. खालच्या खाचेदार नटातून स्प्लिट पिन काढा, नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आट्यांवर राहू द्या, म्हणजे एंड सुटल्यावर एकदम खाली येणार नाही. आता सगळे चुकतात ती जागा. दांड्याच्या आट्यांवर हातोडा मारायचा नाही. त्याने आटे चेंगरतात आणि दांडा आणखी रुततो. हातोडा मारायचा तो आर्मच्या भोकाच्या बाजूला, दांड्याभोवतीच्या लोखंडावर. दुसऱ्या बाजूला जड हातोडा टेकवून धरा आणि एक-दोन ठोस घाव घाला. भोक क्षणभर किंचित विस्फारतं आणि निमुळता दांडा टप्पकन सुटतो. पुलर असेल तर अधिकच बरं.

एंड टायरॉडवरून फिरवून काढताना फेरे मोजा. अखंड अॅक्सलच्या टायरॉडला एका टोकाला उलटे आटे असतात, म्हणजे नुसता दांडा फिरवला तरी त्याची लांबी कमी-जास्त करता येते. त्यामुळे डाव्या आणि उजव्या एंडची अदलाबदल होत नाही. न बसणाऱ्या एंडवर जोर करू नका.

नवा एंड तितकेच फेरे आत घ्या. आर्मचं भोक आणि दांड्याचा निमुळता भाग कोरड्या फडक्याने पुसा. इथे ग्रीस लावायचं नाही. निमुळता भाग कोरडा घट्ट बसला तरच तो धरून ठेवतो. नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळा. खाच आणि भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळून जुळवा. मागे फिरवून जुळवायचं नाही. स्प्लिट पिन नेहमी नवी घ्या, आणि तिची दोन्ही टोकं वाकवा. चेकनट आवळताना एंड वाकडा होऊ देऊ नका, टोपी पिळलेली नसावी. निपल असेल तर ग्रीसगनने ग्रीस भरा, टोपी फुगायला लागली की थांबा. जास्त दाबलं की टोपी फुटते.

८. बॉल जॉइंट, बुश आणि किंगपिन

बॉल जॉइंटला हात लावण्याआधी एक धोका समजून घ्या. दाबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये प्रचंड ताकद साठलेली असते. खालच्या आर्मला आधार न देता बॉल जॉइंटचा नट पूर्ण सोडला तर आर्म झटक्याने खाली येतो, स्प्रिंग बाहेर उडते, आणि समोर असलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. खालच्या आर्मखाली भक्कम जॅक आणि घोडी हवीच. स्प्रिंग दाबून धरणारं साधन नसेल तर हे काम अनुभवी मिस्त्रीकडेच द्या.

आर्मचे बुश बदलल्यावर एक चूक सर्रास होते. गाडी जॅकवर असताना, चाक खाली लोंबकळत असतानाच बुशाचे बोल्ट कायमचे आवळले जातात. रबर त्या लोंबकळत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली उतरवली की ते पिळून बसतं आणि रोज पिळलेलंच काम करतं. असा नवा बुश लवकर फाटतो आणि "माल हलका होता" असं म्हटलं जातं. बरोबर रीत अशी : बोल्ट आधी हातघट्ट ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून हलवा, आणि मगच वजन चाकांवर असताना शेवटचं आवळा. मिस्त्रीला हे आवर्जून सांगा.

किंगपिन बदलायचं काम मुळात मापाचं आहे. जुना बुश दाबून काढायचा, नवा दाबून बसवायचा, मग रीमर फिरवून त्याचं भोक पिनेच्या मापाचं करायचं. भोक जरा मोठं झालं तर नवा किंगपिन पहिल्या दिवसापासून ढिला. अॅक्सल आणि नकल यांच्या मधली मोकळीक पातळ चकत्या घालून जुळवतात. वजन पेलणारं बेअरिंग अॅक्सलच्या खालच्या बाजूला येतं, ते उलटं बसलं तर स्टेअरिंग जड होतं. ग्रीस भरताना जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत भरायचं. शक्य असेल तेव्हा चाक उचलून भरावं, म्हणजे ते दबलेल्या बाजूलाही पोहोचतं.

९. अलाइनमेंट म्हणजे नेमकं काय?

तीन कोन असतात. वरून पाहिलं तर दोन्ही चाकं पुढे जवळ आहेत की लांब, हा टो. समोरून पाहिलं तर चाक सरळ उभं आहे की कललेलं, हा कॅम्बर. बाजूने पाहिलं तर चाक ज्या उभ्या रेषेभोवती वळतं ती रेषा मागे किती झुकली आहे, हा कॅस्टर. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं ते याच्यामुळे. अखंड अॅक्सलच्या गाडीत रोजच्या कामात फक्त टो जुळवता येतो. बाकीचे दोन बिघडले असतील तर किंगपिन, पाटे किंवा वाकलेला अॅक्सल शोधावा लागतो.

टो किती महत्त्वाचा, याचा हिशोब करू. रिमच्या दोन कडांमधलं पुढचं अंतर आणि मागचं अंतर यांत हवं त्यापेक्षा ४ मिलिमीटर फरक पडला. म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला २ मिलिमीटर. रिमचा व्यास ४०० मिलिमीटर धरा. २ भागिले ४०० म्हणजे दर मीटरला ५ मिलिमीटर, दर किलोमीटरला ५ मीटर. जालना ते छत्रपती संभाजीनगर सुमारे ६० किलोमीटर. तेवढ्या एका फेरीत प्रत्येक पुढचं टायर सुमारे ३०० मीटर आडवं घासलं जातं. गाडी सरळ चालतेय असं वाटत असताना टायर डांबरावर पुसलं जात असतं. टायरॉड एंड बदलताना आटे कितीही नीट मोजले तरी चार मिलिमीटरची चूक सहज राहते, म्हणून मोजलेले आटे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नीट पोहोचण्यासाठी असतात, काम संपवण्यासाठी नाही.

१०. कधी तपासायचं?

जालन्याच्या हंगामाला धरून वर्षातून दोन वेळा ठरवून घ्या. पहिली वेळ पावसाळा उघडल्यावर, आंबिया बहाराच्या मोसंबीची आणि कापसाची वाहतूक जोरात येण्याआधी. चार महिने चिखलात गेलेल्या टोप्या आणि बुश तेव्हा उघडे पडतात. दुसरी वेळ मेअखेर, पहिल्या पावसाआधी, म्हणजे फाटलेली टोपी चिखलात उतरण्याआधीच बदलली जाते. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतं, पण सांध्यांची तपासणी त्या तारखेसाठी थांबवू नका.

गाडीत एक वही ठेवा. कोणता पार्ट, कोणत्या बाजूचा, किती किलोमीटरला बदलला, हे तिच्यात लिहा. तपासणी झाली की तीही लिहा. आणि गाडी मिस्त्रीकडे नेताना "पुढून खडखड येते" एवढंच सांगू नका. "डावं चाक वर-खाली हलतं, ब्रेक दाबला तरी ढिलाई जात नाही, टायरची आतली कड खाल्लीय," असं सांगा. खडखड येते म्हटलं की अंदाजाने पार्ट बदलले जातात. ढिलाई कुठे आहे हे सांगितलं की जो गेलाय तोच बदलला जातो, पैसे तेवढेच लागतात, आणि भरलेली गाडी घेऊन महामार्गावर चढणाऱ्या माणसाचा हात आणि चाक यांच्यात अंतर राहत नाही.